स्तोत्र १२४: फास तुटला म्हणे, मग मी अजून फांदीवरच का?

कुंडलिका_काठ | १७ सप्टेंबर, रात्री ११.५२

आज सकाळी पोराच्या शाळेत झेंडावंदनाला गेलो होतो. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. सर भाषणात म्हणले की देश १९४७ ला सुटला पण आपण तेरा महिने आणखी अडकून होतो, १७ सप्टेंबर १९४८ ला सुटलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी पण वाजवल्या, आणि तेवढ्यात वकिलाचा मेसेज आला की तारीख पुढं गेली. तिथंच डोकं फिरलं. म्हणून लिहायलोय, लांबड लागंल, सांभाळून घ्या.

आमची बांधाची केस अकरा वर्षांपासून चालू आहे. समोर सख्ख्या चुलत्याचं पोरगं. वाद किती जागेचा, तर दीड-दोन फुटाचा पट्टा, त्यात धड तुरीची एक ओळ बी यायची नाही. पण रात्री दोन वाजता जाग आली की मी त्या बांधावर उभा असतो. त्यानं काय म्हणलं, मी काय म्हणायला पाहिजे होतं, पुढच्या तारखेला काय म्हणीन. बायको म्हणती तुम्ही घरात राहतच नाही, बांधावर राहता.

उन्हाळ्यात आईला जालन्याच्या एका दवाखान्यात ॲडमिट केलं होतं. शेजारच्या कॉटवर एक ख्रिस्ती आजी होत्या, ऐंशीच्या पुढच्या, सोबतीला नात यायची ती पण संध्याकाळीच. त्यांचा चष्मा फुटलेला. मला म्हणल्या, लेकरा तुला वाचता येतं ना, मग एवढं पान वाच. मी म्हणलं आजी आम्ही माळकरी, बाप वारी करायचा. त्या म्हणल्या, मग तर आवाज चांगला आसंल, वाच.

ते होतं बायबलातल्या स्तोत्रसंहितेतलं १२४ वं. आठच ओव्या म्हणा. परमेश्वर आपल्या बाजूनं नसता तर माणसांनी आपल्याला जितं गिळलं असतं, पाणी जिवावरून गेलं असतं, असं सगळं. आणि सातव्यात येतं की आमचा जीव पारध्याच्या पाशातून पाखरासारखा सुटला, पाश तुटला आणि आम्ही मुक्त झालो. आजींनी मला तेवढं तीनदा वाचायला लावलं. मग म्हणल्या, बघ, तुटणार हाये आसं नाही लिव्हलं, तुटला. मी गंमतीनं म्हणलं आजी मपला तर नाही तुटला अजून. तर त्या म्हणल्या, "तुटलाय रे बाबा, तूच फांदीवर बसून राह्यलाय."

चार महिने झाले. आई बरी आहे. वाक्य काही डोक्यातून जाईना. खरं का ते? फास तुटलेला असतो आणि आपल्यालाच माहीत नसतं, असं असतं का? का नुसतं बोलायला बरं वाटतं? जाणकारांनी सांगावं, धर्मावरून भांडण नको.

पैठणचा_बोका | १८ सप्टेंबर, सकाळी ७.१०

दीड फुटासाठी अकरा वर्षं. वकिलानं तेवढ्यात प्लॉट घेतला असंल 😀

अंबाजोगाईचा_मास्तर | १८ सप्टेंबर, सकाळी ९.३५

धागा वाचून राहवलं नाही.

तुमच्या त्या आजींनी जे सांगितलं ते ज्ञानेश्वरीत सहाव्या अध्यायात आहे, फक्त पाखरू वेगळं आहे. पोपट धरायची नळी आठवा. दोरीला नळी लावलेली असते, पोपट तिच्यावर बसला की त्याच्या वजनानं ती गर्रकन फिरते आणि पोपट उलटा लटकतो. आता त्यानं नुसती पकड सोडली तर तो उडून जाईल, पाय बांधलेलेच नाहीत. पण तो घाबरून नळी जास्तच आवळतो, मान पिळतो, छाती दाबून धरतो, आणि माउली म्हणतात, "म्हणे बांधला मी फुडा". म्हणजे मी पक्का बांधला गेलोय अशी त्याची खात्री. मोकळा पाय आणखी गुंतवून घेतो. अर्धा तोडून नेला तरी सोडत नाही. आणि मग माउली विचारतात, सांगा बरं, याला दुसऱ्या कुणी बांधलं का?

आता दोन्ही पाखरं शेजारी ठेवा. स्तोत्रातल्या पाखराला खरंच फास होता, तो तुटला. माउलींच्या पोपटाला फास नव्हताच. तुमचा प्रश्न खरा तर हा आहे की तुम्ही यातलं कोणतं पाखरू. दीड फुटाच्या बांधावरून मला तर पोपट वाटताय, राग मानू नका.

आणि कुणी म्हणेल की लढाईच्या, शत्रूच्या गाण्याचा असा आतला अर्थ काढणं म्हणजे ओढूनताणून आहे, तर आपल्याकडं नाथांनी दुसरं काय केलं. भारुडात विंचू चावला म्हणल्यावर कुणी बॅटरी घेऊन विंचू हुडकत नाही, कामक्रोधाचा विंचू आहे हे शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही कळतं. ज्या मातीत भारूड झालं तिथं हे वाचन अवघड जाऊ नये.

कुंडलिका_काठ | १८ सप्टेंबर, सकाळी १०.०२

राग नाही सर. पण पोपट असलो तरी हात सोडता येईना ही अडचण आहे. "सोड" म्हणून सुटतं का? मी दहादा ठरवलं.

तेरची_माती | १८ सप्टेंबर, दुपारी १.२०

मला धर्माचं कळत नाही पण पाण्याचं कळतं. सप्टेंबर २०२५ ला सीनेचं पाणी आमच्या पाहुण्यांच्या वस्तीत शिरलं तेव्हा मी तिथं होतो, रात्रभर पत्र्यावर. दुसऱ्या दिवशी खाली उतरलो, पाणी ओसरलेलं, आणि मामा उतरनात. पाणी नाही आता म्हणून खालून सगळे ओरडायलेत, ते पत्रा धरूनच. शेवटी मामीनं वर जाऊन एकेक बोट सोडवलं. ती बोटं वाकडीच राह्यली होती दोन दिवस. मास्तरांचा पोपट वाचून तेच आठवलं, बाकी काही नाही.

गंगाखेडची_लेक | १८ सप्टेंबर, दुपारी ३.४४

मास्तर मस्त लिहिलंय. पण थोडं आडवं लावते.

मी धर्मशास्त्राचं शिक्षण घेतलंय, घरचे ख्रिस्ती आहोत, आजोळ गंगाखेडचं त्यामुळं जनाबाई आणि स्तोत्रं रचणारा दावीद राजा दोघं घरात एकाच वेळी नांदले 🙂 तीन गोष्टी लक्षात घ्या.

मूळ हिब्रूत जिथं आपण "जीव" वाचतो तिथं शब्द आहे नेफेश. नेफेश म्हणजे जीव, प्राण, पण त्याचा जुना अर्थ गळा, घसा असाही आहे. ६९ व्या स्तोत्रात पाणी नेफेशपर्यंत आलं असं म्हणलंय, तिथं बऱ्याच भाषांतरांत सरळ गळ्यापर्यंत असंच येतं. म्हणजे १२४ मध्ये पाणी जिवावरून जाणं आणि जीव फासात सापडणं ही हवेतली "आत्मा वगैरे" भाषा नाहीये, गळ्याची भाषा आहे. श्वास कोंडतो ना, ते. आत्मिक अर्थ काढायचा तर तो गळ्यातून काढावा लागतो, गळा वगळून नाही. कुंडलिका दादा रात्री दोन वाजता तुमचं काय आवळतं? गळाच ना?

दुसरं, फास तुटला याला हिब्रूत "हप्पाख निश्बार". निश्बार म्हणजे तुटला. तोडला नाही, तुटला! आपल्या मराठीत हा फरक किती छान आहे बघा, तोडला म्हणलं की लगेच विचारावं लागतं कुणी, तुटला म्हणलं की तो आपला तुटून पडलेला दिसतो. त्या ओळीत तोडणाऱ्याचं नाव नाही. पाखरानं चोच मारून तोडला असंही नाही. पाखराच्या हातात काय, तर नुसतं निसटणं. पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, त्यांच्या निधनानंतर १९२४ ला छापून निघालं. एका बाईनं असल्या एकेका क्रियापदापाशी किती रात्री काढल्या असतील असं मला नेहमी वाटतं.

तिसरं मास्तरांसाठी. तोडणाऱ्याचं नाव त्या ओळीत नसलं तरी आठव्यात आहे, आमचं साहाय्य परमेश्वराच्या नावात आहे, ज्यानं आकाश आणि पृथ्वी केली. त्यामुळं "फास नव्हताच, भ्रम होता" हे वाचन या स्तोत्राला बसत नाही. फास होता, गिळणाऱ्यांचे दात होते, पाणी होतं. सुटका कुणीतरी दिली. पोपटाला ज्ञान पाहिजे, या पाखराला कृपा मिळालीय. फरक आहे.

अंबाजोगाईचा_मास्तर | १८ सप्टेंबर, सायंकाळी ५.१५

ताई, मान्य. तुटला/तोडला वर मी शाळेत तीस वर्षं कर्मणी-अकर्मक शिकवलं, हे उदाहरण सुचलं नाही.

पण कृपेबद्दल एक. आमच्याकडंही पोपट स्वतःच्या अकलेनं सुटतो असं कुणी म्हणत नाही, गुरु लागतोच. तेव्हा ज्ञान तिकडं, कृपा इकडं अशी भिंत घालू नका.

गंगाखेडची_लेक | १८ सप्टेंबर, सायंकाळी ५.४०

भिंत नाही, बांध म्हणा 😄 दीड फुटाचा.

नांदेडवाला८२ | १८ सप्टेंबर, रात्री ८.०५

माफ करा पण मला हे सगळं पचना गेलंय. आमच्या गावात "फास" शब्द म्हणला की लोक मान खाली घालतात. माझ्या मित्राचे वडील तसेच गेले, सोसायटीचं कर्ज, सावकाराचं वेगळं, आणि सोयाबीनला भाव नाही. आता मी त्या पोराला जाऊन सांगू का की फास आतला असतो, पकड सोड? फास बाहेरच होता, कागदावर सह्या होत्या त्याच्या. पोट भरलेल्यांनी बांध सोडावा, चांगलंय. पण ज्याला बँक सोडत नाही त्यानं काय सोडायचं?

कुंडलिका_काठ | १८ सप्टेंबर, रात्री ८.३०

तुमचं बरोबर आहे दादा. त्या पोराला हे सांगायचं नाही. मी मपल्यापुरतं विचारत होतो. आणि तो शब्द मी शीर्षकात सहज टाकला, विचार करायला पाहिजे होता.

गंगाखेडची_लेक | १८ सप्टेंबर, रात्री ९.१२

नांदेडवाले दादा, मी काही समजावायला जात नाही. एवढंच सांगते की या स्तोत्रात "मी" एकदाही नाही. आम्ही, आमचा, आम्हाला. एकट्याचं गाणं नाही ते. १२० ते १३४ अशी ही पंधरा गाणी आहेत, चढणीची. सणाला यरुशलेमला डोंगर चढून जाताना लोक म्हणायचे असं मानतात, म्हणजे आपली दिंडीच. सुरुवातीला म्हणलंय, "इस्राएलाने आता म्हणावे", म्हणजे एकानं सांगायचं आणि बाकीच्यांनी उचलायचं, विणेकरी-टाळकरी. ज्याचा गळा आवळलाय तो गातच नसतो, त्याच्यासाठी बाजूचा गातो. त्या पोराला अर्थ सांगू नका, त्याच्याजवळ बसा. कागदांचं काय करता येतं ते पण बघा, ते बघणं हा काही कमी अध्यात्माचा भाग नाही.

विमुक्त_३१ | १९ सप्टेंबर, पहाटे ५.५०

दोन दिवस वाचायलोय, लिहू का नको करत होतो.

तुम्ही सगळे पाखरू कोण, फास कोणता, तोडला का तुटला यावर बोलायलात. पारधी कोण ते कुणीच विचारलं नाही. तो सगळ्यांनी खलनायक म्हणून धरूनच चाललाय. मी फासेपारधी आहे. धाराशिव जिल्ह्यातला.

आमच्या लोकांवर १८७१ पासून सुरू झालेल्या इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मतः गुन्हेगार म्हणून शिक्का मारला. सोलापूरच्या सेटलमेंटला, म्हणजे आमच्या लोकांना डांबायच्या वसाहतीला, तारेचं कुंपण होतं, हजेरी होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला ते गेलं, म्हणून आम्ही १५ ऑगस्टच्या जोडीला ३१ ऑगस्ट पाळतो, विमुक्त दिन. तुमचे तेरा महिने, आमची पाच वर्षं. आणि सुटलो म्हणलं तरी अजून गावात चोरी झाली की पहिली गाडी आमच्या पालावर येती. म्हणजे पारधीच फासात. तुमच्या दाविदाला हे माहीत नसणार, त्याचा दोष नाही, पण मराठीत वाचणाऱ्याला माहीत पाहिजे.

आता मुद्द्याचं. माझा आजा फासे लावायचा. आता शिकार बंद आहे, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, आम्हीबी करत नाही. पण त्यानं सांगितलेलं डोक्यात आहे. घोड्याच्या केसाचे फासे ओळीनं रोवायचे, आणि गायीच्या आडोशानं हळूहळू पाखरं तिकडं वळवायची. पळवायची नाहीत, वळवायची. पाखराला वाटतं ते आपल्या मनानं चाललंय. मास्तर, तुमच्या नळीपेक्षा हे जास्त खरं आहे बघा.

आणि आजा सांगायचा, फाशातून सोडलेलं तितर लगेच उडत नाही. कधी लहान पाखरू सापडलं तर सोडून द्यायचा तो. हात उघडला तरी ते हातावरच बसतं. पाय बधिर असतो त्याचा, रक्त यायला वेळ लागतो. मी लहान असताना त्याला फू करून उडवायला गेलो तर आजानं टाळक्यात मारली. म्हणला, घाई केली तर पडंल, कुत्रं नेईल. बसू दे. उडंल त्याचं ते.

म्हणून कुंडलिका काठ भाऊ, त्या आजी म्हणाल्या तूच बसून राह्यलाय, ते बरोबर आहे पण ती शिवी नाही. बसावंच लागतं थोडं.

तेरची_माती | १९ सप्टेंबर, सकाळी ६.३०

❤️ भाऊ. मामाची बोटं.

अंबाजोगाईचा_मास्तर | १९ सप्टेंबर, सकाळी ८.००

विमुक्त भाऊ, तुमची पोस्ट मी दोनदा मोठ्यानं वाचली घरात. "पारधी कोण" हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही, याची लाज वाटली हे कबूल करतो.

पैठणचा_बोका | १९ सप्टेंबर, सकाळी ८.२२

मी सकाळपासून एक जोक टाईप करून खोडलाय. पहिल्यांदाच झालं असं.

गंगाखेडची_लेक | १९ सप्टेंबर, दुपारी १२.०५

विमुक्त दादा, तितराचं वाचून काटा आला. शिकताना एक स्पॅनिश साधू वाचला होता, क्रूसाचा योहान म्हणतात त्याला. तो म्हणतो पाखरू जाड दोरीनं बांधलेलं असो की बारीक धाग्यानं, तो तुटेपर्यंत उडता येत नाही ते नाहीच. यावर मी तेव्हा मोठा निबंध लिहिला होता, धागा म्हणजे आसक्ती वगैरे. आणि गंमत अशी की हा माणूस स्वतः खरोखर कोंडला गेला होता. डिसेंबर १५७७ मध्ये त्याच्याच पंथातल्या लोकांनी पकडून तोलेदो शहरात एका खोलीत डांबला, नऊ महिने. तिथं त्यानं कविता रचल्या, एकदम मोकळ्या, रानातल्या, रात्रीच्या. आतून सुटलेला होता म्हणायला हरकत नाही. पण म्हणून तो तिथंच आनंदानं बसला नाही! ऑगस्ट १५७८ मध्ये रात्री खिडकीतून उतरून पळाला. नांदेडवाले दादा, हे तुमच्यासाठी. आतली सुटका झाली म्हणून बाहेरची नको, असं त्यालाही वाटलं नाही.

धागा आणि दोर मी शिकले, पण धागा तुटल्यावरचा बधिर पाय कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता.

नांदेडवाला८२ | १९ सप्टेंबर, दुपारी २.४८

वाचलं ताई. मित्राच्या पोराकडं जाऊन आलो. काही बोललो नाही. चहा घेतला. कागद बघायला ठेवलेत त्यानं, रविवारी परत जातो.

लातूरकर_नवीन | १९ सप्टेंबर, सायंकाळी ६.१५

धाग्यावर नवीन आहे. एक बेसिक प्रश्न, हे रोज म्हणायचं का कसं? म्हणजे किती वेळा? आणि दुसऱ्या धर्माचं म्हणलं तर चालतं का?

कुंडलिका_काठ | १९ सप्टेंबर, रात्री १०.४०

लातूरकर, मी काही विधी करत नाही. रात्री जाग आली की आधी बांधावर जायचो, आता सातवी ओळ म्हणतो, तेवढीच. "तुटला" वर थांबतो. लेक ताईंनी सांगितल्यापासून हात गळ्यावर ठेवतो, वेडेपणा वाटंल पण तिथं आवळलेलं खरंच कळतं. कधी सैल होतं, कधी नाही. काल नाही झालं. पहाटे चारपर्यंत बांधावरच होतो, साक्षीदाराची उलटतपासणी घेतली मनात. आधी असं झालं की स्वतःवर चिडायचो, एवढं अध्यात्म वाचून काय उपयोग म्हणून. आज विमुक्त भाऊंचं वाचल्यावर चिडलो नाही. बधिर आहे पाय, म्हणलं. बस.

आणि धर्माचं म्हणाल तर बापाच्या पोथीशेजारी कागदावर लिहून ठेवलंय. बाप असता तर म्हणला असता चाल कोणती लावायची.

मास्तरांना उत्तर राह्यलं. मी पोपट का ते दुसरं पाखरू? मला वाटतं सुरुवातीला खरंच फास होता. चुलत्यानं दांडगाई केली होती, पोलीस केस झाली होती, बापाला मारलं होतं. ते खोटं नाही, भ्रम नाही. पण चुलता जाऊन पाच वर्षं झाली. पोरगं तसं गरीब आहे. म्हणजे फास तुटला पाच वर्षांमागं आणि मी नळी धरली तेव्हापासून. दोन्ही पाखरं मीच.

पैठणचा_बोका | १९ सप्टेंबर, रात्री १०.५५

मग केसचं काय करणार?

कुंडलिका_काठ | १९ सप्टेंबर, रात्री ११.२०

माहीत नाही. वकिलाला फोन नाही केला अजून. चुलत्याच्या पोराला केला होता संध्याकाळी, अकरा वर्षांत पहिल्यांदा. उचलला नाही त्यानं. नंबर बघून घाबरला असंल. उद्या दुसऱ्या नंबरवरून लावतो... नको, ह्याच नंबरवरून लावतो.